डायलिसिस, कावीळ बी-सी च्या तपासण्या आणि किडनीवरचे काढे : अभ्यासात नक्की काय सापडलंय?

अनघा_मिरज
नमस्कार मंडळी. माझे मामा काही वर्षांपासून डायलिसिसवर आहेत, आता ते मुलीकडे नाशिकला राहायला जाणार म्हणून तिथल्या एका सेंटरला फोन केला तर ते म्हणाले नुसता अँटी-एचसीव्ही निगेटिव्हचा कागद चालणार नाही, हेपॅटायटिस सी चा आरएनए (रक्तात खुद्द व्हायरस आहे का ते बघणारी तपासणी) करून आणा आणि बी चे सगळे मार्कर पण. घरात यावरून कुरकुर चाललीये की रिपोर्ट निगेटिव्ह आहे ना, मग परत तेच कशाला, नुसते पैसे काढायचे धंदे. आणि त्याच बैठकीत मामींच्या माहेरचे एकजण म्हणाले की अमुक गावात एक बाबा काढा देतात, तीन महिन्यांत क्रिएटिनिन (किडनी किती चालते ते दाखवणारा रक्तातला आकडा) खाली येतं आणि डायलिसिस सुटतं, लोकांचे रिपोर्ट दाखवतात म्हणे. म्हणजे एका कागदावर कोणाचा विश्वास नाही आणि दुसऱ्या कागदावर डोळे झाकून विश्वास. मला दोन्हीकडे एकच प्रश्न पडतो, की रिपोर्टवरचा आकडा खरंच काय सांगतो आणि काय नाही. इथे लॅबमधले, डायलिसिसमधले, आयुर्वेदातले लोक आहेत म्हणून हा धागा काढतेय. कृपया व्हॉट्सअ‍ॅपवरचं फॉरवर्ड नको, ज्याला जे नीट माहिती आहे ते लिहा.

लॅबवाला
ताई, नाशिकच्या सेंटरने बरोबर सांगितलंय. अँटी-एचसीव्ही ही टेस्ट व्हायरस शोधत नाही, व्हायरसच्या विरोधात शरीराने तयार केलेली अँटीबॉडी शोधते. लागण झाल्यावर ती अँटीबॉडी रक्तात दिसायला साधारण ८ ते ११ आठवडे जातात, आरएनए मात्र १-२ आठवड्यांत सापडतो. मधल्या काळात माणूस निगेटिव्ह दिसतो आणि त्याच्या रक्तात व्हायरस असतो. हे झालं तुमच्याआमच्यासारख्यांचं. डायलिसिसच्या पेशंटची प्रतिकारशक्तीच मंद झालेली असते, त्यामुळे काहींच्या बाबतीत अँटीबॉडी फार उशिरा येते नाहीतर येतच नाही. म्हणून केडिगो ही किडनीच्या आजारांवर मार्गदर्शन करणारी जी आंतरराष्ट्रीय संस्था आहे तिच्या २०१८ च्या सूचनांमध्ये असं आहे की डायलिसिस सुरू करताना आणि एका सेंटरमधून दुसरीकडे जाताना तपासणी करायचीच, आणि सेंटरवर डायलिसिस घेणाऱ्यांची सरळ आरएनए किंवा आधी अँटीबॉडी आणि ती पॉझिटिव्ह आली तर आरएनए. नंतर दर सहा महिन्यांनी, आपल्याकडे बरीच सेंटर्स दर तीन महिन्यांनी करतात.

अजून एक, बरेच जण लिव्हरच्या तपासणीबद्दल म्हणतात "एसजीपीटी नॉर्मल आहे म्हणजे लिव्हर ठीक." डायलिसिसवाल्यांचा एसजीपीटी मुळातच कमी असतो, ३५-४० आला तरी कागदावर नॉर्मलच्या रकान्यात बसतो पण त्या माणसासाठी तो वाढलेला असू शकतो. म्हणून त्याचा आधीचा स्वतःचा आकडा काय होता ते बघायचं, छापील नॉर्मल रेंज नाही.

आणि सॅम्पल डायलिसिस सुरू करायच्या आधी घ्यायला सांगा, हे कोणी सांगत नाही. डायलिसिसमध्ये व्हायरल लोड काही वेळापुरता कमी होतो, वरून रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन दिलेलं असतं ते पीसीआरमध्ये, म्हणजे आरएनए शोधायच्या पद्धतीत, अडथळा आणतं. मशीनवरून उतरल्यावर घेतलेलं सॅम्पल म्हणजे पैसे घालून फसवा रिपोर्ट.

डायलिसिस_टेक
मी टेक्निशियन आहे, बऱ्याच वर्षांपासून हेच काम करतो. लोकांना वाटतं कावीळ मशीनमधून लागते. बी च्या बाबतीत वेगळं मशीन आणि वेगळी खोली लागतेच, कारण तो व्हायरस फार चिवट, वाळलेल्या रक्ताच्या डागात, टेबलावर, मशीनच्या बटणांवर सात दिवस जिवंत राहू शकतो. त्या पेशंटचा डायलायझर, म्हणजे रक्त गाळणारी नळी, रीयूज पण करायचा नसतो. सी चं तसं नाही, केडिगोच्या सूचनेत सी साठी वेगळं मशीन ठेवा असं नाहीये, तरी आपल्याकडे बहुतेक जण ठेवतात. पण सी पसरतो तो जास्त करून हातांमधून. ग्लोव्ह्ज न बदलता एका बेडवरून दुसऱ्या बेडवर जाणं, हेपॅरिनची एकच बाटली सगळ्यांना, इंजेक्शनं बेडच्या शेजारी भरणं, फिस्टुला (डायलिसिसची सुई टोचायची हातातली शीर) दाबून धरलेल्या माणसाला मदत करून तसंच पुढच्याचं मशीन हाताळणं. शिफ्ट बदलताना घाई असते ना तेव्हा हे होतं. वेगळं मशीन ठेवलं की आपण सुरक्षित, या समजुतीनेच हाताची शिस्त ढिली पडते असं मला अगदी मनापासून वाटतं. नातेवाईकांनी हे बघायला पाहिजे, विचारायला पाहिजे, त्यात वाईट वाटून घ्यायचं काही नाही.

मामांना बी ची लस झाली आहे का? किडनीवाल्यांना दुप्पट डोस लागतो, ४० मायक्रोग्रॅम, ०-१-२-६ महिने असे चार बहुतेक ठिकाणी. आणि लस दिली म्हणजे झालं असं नाही, शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस टायटर, म्हणजे लसीने तयार झालेल्या अँटीबॉडीचं प्रमाण, बघायचा, १० च्या वर पाहिजे.

लॅबवाला
याला जोडूनच, लस दिल्यावर लगेच एचबीएसएजी (बी व्हायरसचं अँटीजेन शोधणारी तपासणी) करू नका, लसीतलं अँटीजेनच काही जणांच्या रक्तात दोन-तीन आठवड्यांपर्यंत सापडतं आणि पेशंट खोटा पॉझिटिव्ह येतो. असा रिपोर्ट हातात आला की घरात रडारड, सेंटर म्हणतं आमच्याकडे येऊ नका. तारीख बघितली की उलगडा होतो.

नीरजा७
माझ्या वडिलांना सी झाला होता, एका सेंटरमधेच लागला असणार, नाव घेत नाही. लोकांनी घाबरवलं की आता संपलं. तसं काही नाही. २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे त्यात बी आणि सी ची तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रावर मोफत मिळतात. बाबांना सोफोसबुविर आणि वेलपटासविरच्या गोळ्या १२ आठवडे दिल्या. पूर्वी सोफोसबुविर किडनी अगदी कमी चालत असेल तर देऊ नका असं लेबलवर होतं, २०१९ मध्ये अमेरिकेत ते बदललं, डायलिसिसवाल्यांनाही देता येतं असं झालं. औषध संपल्यावर परत १२ आठवड्यांनी आरएनए केला, निगेटिव्ह.

पण खरा त्रास त्यानंतर झाला! अँटीबॉडी आयुष्यभर पॉझिटिव्हच राहते ना, तर प्रत्येक नवीन ठिकाणी "पॉझिटिव्ह आहे, वेगळं मशीन, वेगळी शिफ्ट, जागा नाही". दर वेळी आरएनएचा कागद पुढे करून समजावायचं की व्हायरस गेलाय, ही जुनी खूण आहे. आणि बरा झाल्यावर परत लागू शकतो, तेव्हा अशा माणसाला पुढे आरएनएच करावा लागतो, अँटीबॉडी करून काही कळणारच नाही. सी ची औषधं चालू करायच्या आधी बी ची तपासणी मात्र केलीच पाहिजे, कारण दोन्ही असतील तर सी जाताना दबलेला बी उसळतो, त्यावर २०१६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ठळक इशारा दिलाय.

रानवारा
सगळे फक्त तपासण्यांवरच बोलताय, काढ्याचं काय? आमच्याकडे पुनर्नवा, गोखरू, वायवर्णा पिढ्यानपिढ्या देतात. आमच्या शेजारच्या काकांचं क्रिएटिनिन सहा होतं ते काढ्याने अडीचवर आलं, मी स्वतः दोन्ही रिपोर्ट बघितलेत. डॉक्टर लोक आधीच नाही म्हणतात, अभ्यासच करत नाहीत. झाडपाल्याला साईड इफेक्ट नसतात आणि डायलिसिस एकदा लागलं की सुटत नाही, मग करून बघायला काय हरकत आहे?

सह्याद्री_एम
रानवारा, तुम्ही बघितलेले रिपोर्ट खरेच असणार, त्यावर माझा वाद नाही. प्रश्न हा आहे की काढा न घेता ते किती राहिलं असतं. क्रिएटिनिन बऱ्याच कारणांनी उतरतं. उलट्या-जुलाब, इन्फेक्शन, वेदनाशामक गोळ्या यांनी किडनीला अचानक धक्का बसला असेल तर ते कारण गेल्यावर सहाचं दोन आपोआप होतं, त्यात काढा घेतला असेल तर श्रेय काढ्याला. प्रोस्टेट किंवा खड्याने लघवी अडली असेल आणि ती मोकळी झाली तरी तसंच. आणि तिसरं कारण सगळ्यात वाईट, क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं, माणूस खाणं सोडून वाळत गेला की क्रिएटिनिन कमी दिसतं आणि घरच्यांना वाटतं गुण आला. अशा बाबांचे पथ्य म्हणून डाळ, दूध, मटण सगळं बंद असतं. डायलिसिसवाल्याला उलट प्रोटीन जास्त लागतं.

म्हणून तुलनेचा गट लागतो. डापाग्लिफ्लोझिन हे साखरेवरचं औषध, ते किडनीला वाचवतं का हे बघायला ४,३०४ लोक घेतले, अर्ध्यांना गोळी, अर्ध्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी, कोणाला काय ते पेशंटलाही माहीत नाही आणि डॉक्टरलाही नाही. आणि नुसतं क्रिएटिनिनचं एक टोक धरून बसले नाहीत, किडनीचं काम निम्म्याने घटणं, डायलिसिस लागणं, किडनीच्या किंवा हृदयाच्या आजाराने मृत्यू हे मोजलं. ते ३९ टक्क्यांनी कमी झालं, २०२० मध्ये निकाल आला. आता ते औषध आपल्याकडे जेनेरिकमध्ये स्वस्तात मिळतं. वनस्पती असो की गोळी, मोजमाप हेच पाहिजे. पुनर्नवा अशा परीक्षेत पास झाली तर मी पहिला आनंदाने लिहीन.

वैद्य_मेघना
मी बीएएमएस, एमडी, प्रॅक्टिस करते. "अभ्यासच करत नाहीत" हे खरं नाही. या धाग्यात कावीळ आणि झाडपाला दोन्ही आलंय म्हणून एक गोष्ट नीट सांगते. भुईआवळा तुम्हाला माहितीये, पावसाळ्यात अंगणात उगवतो, काविळीवर आपल्याकडे सगळीकडे देतात. १९८८ मध्ये मद्रासच्या गटाने लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात अभ्यास छापला. बी पॉझिटिव्ह असलेल्यांना महिनाभर भुईआवळा दिला आणि नंतर तपासलं तर ३७ पैकी २२ जणांचं एचबीएसएजी निगेटिव्ह, खोटं औषध घेणाऱ्यात २३ पैकी एकाचंच. जगभर खळबळ. ज्या बारुक ब्लुमबर्ग यांना हेपॅटायटिस बी च्या शोधासाठी १९७६ चं नोबेल मिळालं ते स्वतः या वनस्पतीवर काम करत होते, म्हणजे पाश्चात्य लोक ढुंकून बघत नाहीत हेही खोटं. पण मग थायलंडमध्ये १९९० ला केलं, नाही जमलं. नेदरलँड्समध्ये नाही, न्यूझीलंडमध्ये नाही. कोणी म्हणालं वनस्पतीची जात वेगळी, कोणी म्हणालं काढणीचा हंगाम वेगळा. असेलही. पण एकाच अभ्यासावर थांबून आपण वीस-तीस वर्षं "कावीळ बी वर रामबाण" असं सांगत राहिलो हे मला खुपतं. आमच्याच लोकांनी तो अभ्यास तशाच काटेकोरपणे चार-पाच ठिकाणी परत करायला हवा होता. आता तर आयसीएमआरची ट्रायल रजिस्ट्री, म्हणजे औषधांच्या चाचण्यांची नोंदवही, २००७ पासून आहे, कोणीही उघडून बघू शकतं की अमुक औषधाची चाचणी नोंदवली होती का आणि काय मोजायचं ठरवलं होतं.

रानवारा, "साईड इफेक्ट नसतात" हे मात्र कोणत्याच ग्रंथात नाही. आमच्याकडे विषद्रव्यांचा वेगळा विचार आहे, कायद्यातही औषध नियमांच्या अनुसूची ई-१ मध्ये आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांची यादीच आहे आणि ती असलेल्या औषधावर वैद्यकीय देखरेखीखाली घ्या असं छापावं लागतं. बाबा बिनलेबलची पुडी किंवा बाटली देतात त्यात काय आहे हे मलासुद्धा सांगता येणार नाही. पुनर्नवेत पोटॅशियम भरपूर असतं, ज्याची लघवीच होत नाही त्याच्या अंगात ते साठतं आणि हृदय बंद पडू शकतं. निरोगी माणसाला मूत्रल म्हणून दिलेलं द्रव्य आणि डायलिसिसवाल्याला दिलेलं तेच द्रव्य, दोन्ही वेगळ्या गोष्टी.

ब्रुसेल्समधून
मी बेल्जियममध्ये राहतो, इथलं प्रकरण या विषयात सगळ्यात महत्त्वाचं आहे म्हणून लिहितो. ब्रुसेल्समधे वजन कमी करायचं एक क्लिनिक होतं, १९९० ते ९२ च्या दरम्यान तिथे चिनी वनस्पती मिसळलेल्या कॅप्सूल दिल्या गेल्या. तरुण बायका एकामागून एक किडनी निकामी होऊन येऊ लागल्या. डॉक्टर व्हॅनहर्वेगेम यांच्या गटाने १९९३ मध्ये हे छापलं. झालं होतं असं की चिनी भाषेत सारख्या नावाच्या दोन वनस्पती, एकीच्या जागी दुसरी, अ‍ॅरिस्टोलोकिया, पोत्यात आली. त्यातलं अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल किडनीला आतून सुकवून टाकतं. शंभराच्या वर लोक बाधित. औषध बंद केल्यावरही किडनी खराब होतच राहिली, आणि पुढे मूत्रमार्गाचे कॅन्सर दिसायला लागले. ३९ जणांनी निकामी किडन्या काढून घेतल्या त्यात १८ जणांना कॅन्सर सापडला, हे २००० सालचं. बाल्कन देशात डॅन्यूबच्या उपनद्यांच्या काठच्या गावांत पिढ्यानपिढ्या किडनीचा एक आजार होता, त्याचं मूळही हेच निघालं, गव्हाच्या शेतात याच कुळातलं तण उगवायचं आणि पिठात जायचं. तैवानने २००३ मध्ये या वनस्पतींवर बंदी घातली.

वैद्य_मेघना
आणि याच कुळातल्या ईश्वरी आणि कीडामारी आपल्या रानात आहेत. सर्पदंशावर, जंतांवर, तापावर वैदू लोक देतात. किडनीच्या पेशंटच्या आसपाससुद्धा या नकोत.

रत्नागिरीकर_स
कोकण-गोव्यातल्या लोकांसाठी एक लिहितो कारण हे कोणाला औषध वाटतच नाही. करंबळ, गोव्यात करमल म्हणतात ते, ताऱ्यासारख्या फोडी पडतात. किडनी कमजोर असलेल्याने ते खाल्लं किंवा रस प्यायला तर न थांबणारी उचकी लागते, मग गोंधळल्यासारखं होतं, झटके येतात, माणसं दगावली आहेत. ब्राझीलमध्ये यावर बरंच काम झालंय, कॅरांबॉक्सिन नावाचं मेंदूवर परिणाम करणारं द्रव्य त्यांनी २०१३ मध्ये शोधलं, निरोगी किडनी ते बाहेर टाकते, आजारी किडनीला जमत नाही. लागलीच डायलिसिस केलं तर वाचतात. आणि त्याच्याच कुळातलं बिंबल, कोलेस्टेरॉलसाठी म्हणून त्याचा रस पेलाभर पितात, त्याच्या ऑक्झलेटने चांगली किडनी बसल्याचे पेशंट केरळमध्ये नोंदलेत. आमटीत दोन फोडी वेगळ्या आणि उपाशीपोटी रस वेगळा, पण डायलिसिसवाल्याला करंबळाची एक फोडसुद्धा देऊ नका.

सह्याद्री_एम
आपल्या देशातलेच दोन अभ्यास सांगतो. एक २०२२ मध्ये आलाय, मेम्ब्रेनस नेफ्रोपथी म्हणजे लघवीतून भरमसाट प्रोटीन जायचा एक आजार, त्यातल्या एनईएलएल-१ नावाच्या प्रकारात बऱ्याच पेशंटनी पारंपरिक औषधं घेतली होती, त्यातल्या काही औषधांत पारा सापडला. यात आशेची गोष्ट ही की औषध बंद केल्यावर बऱ्याच जणांचं प्रोटीन जाणं थांबलं, कडक औषधांची गरज पडली नाही. पण हे कळायला डॉक्टरला माहिती पाहिजे की तुम्ही काय घेत होता! लोक लपवतात कारण ओरडा बसेल. डॉक्टरांनीही ओरडू नये, कागदावर लिहून घ्यावं, पुडी बघावी.

दुसरा मुंबईचा, कोविडच्या पहिल्या वर्षी लोकांनी गुळवेल सपाटून घेतली, त्यानंतर सहा जणांना लिव्हरला इजा झाल्याचं तिथल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये छापलं, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लिव्हरवर उलटल्यासारखा प्रकार. आयुष मंत्रालयाने त्याला हरकत घेतली, पण पुढच्या वर्षी देशातल्या बऱ्याच केंद्रांचा मिळून ४३ पेशंटचा अभ्यास आला आणि चित्र तसंच होतं. किडनी बदललेल्या माणसाची तर प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबून ठेवलेली असते, त्याने ती वाढवणारं काही घेणं म्हणजे नवीन किडनीवर हल्ला ओढवून घेणं.

आणि कावीळ-किडनीचं नातं उलटंही आहे. हेपॅटायटिस बी मुळेच मेम्ब्रेनस होतो, सी मुळेही किडनीच्या गाळण्या सुजतात. म्हणून लघवीतून प्रोटीन जाणाऱ्या पेशंटला डॉक्टर बी-सी तपासायला सांगतात ते उगाच नाही. रितुक्सिमॅब हे प्रतिकारशक्ती दाबणारं इंजेक्शन द्यायचं असेल तर एचबीएसएजी निगेटिव्ह असूनही अँटी-एचबीसी, म्हणजे बी पूर्वी होऊन गेल्याची खूण, बघतात, कारण जुना दबलेला बी त्या इंजेक्शनने जागा होतो आणि लिव्हर निकामी होऊ शकतं.

रानवारा
करंबळाचं आणि बेल्जियमचं माहिती नव्हतं, धन्यवाद. तरी मला एक सांगा, गावाकडे डायलिसिसला ६०-७० किलोमीटर जायचं, एक माणूस सोबत, त्याचा रोज बुडतो. बाबा निदान दारात भेटतो आणि धीर देतो. अशाला तुम्ही अभ्यास दाखवून काय करणार?

डायलिसिस_टेक
हा प्रश्न बरोबर आहे आणि माझ्याकडे रोज असेच लोक येतात. जिल्हा रुग्णालयांमध्ये २०१६ च्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून मशीन आली आहेत, महात्मा फुले योजनेतही डायलिसिस होतं, पण अंतर आणि रोज बुडण्याचं उत्तर त्यात पुरतं नाही. तरी काढ्यासाठी डायलिसिस बंद करायला सांगणाऱ्यापासून लांब राहा, एवढं हात जोडून सांगतो. पाय सुजून, धाप लागून, पोटॅशियम सातच्या वर घेऊन परत येतात, काही येतच नाहीत. दोन-तीन आठवडे बरं वाटलेलं असतं कारण थोडीफार लघवी शिल्लक असते.

अनघा_मिरज
सगळ्यांचे मनापासून आभार. घरी हा धागा वाचून दाखवला. आरएनए करायचं ठरलं, पुढच्या डायलिसिसला सुई लावायच्या आधीच सॅम्पल घेणार. काढ्याबद्दल मामींना मी एवढंच म्हणाले की बाबांकडून आधी काढ्यात काय आहे ते लिहून आणा, मग मेघनाताईंना आणि नेफ्रॉलॉजिस्टना दोघांनाही विचारू. अजून लिहून काही आलेलं नाही. एकच शंका, मामांची बी ची लस तीन वर्षांपूर्वी झाली, तेव्हा टायटर १० च्या वर होता असं कागदावर आहे. तो परत करायचा का?

डायलिसिस_टेक
हो, दरवर्षी करायचा असतो, डायलिसिसवाल्यांचा टायटर लवकर उतरतो. १० च्या खाली आला असेल तर एक बूस्टर घेऊन टाका. नाशिकच्या सेंटरला जुना आणि नवा दोन्ही टायटर, एचबीएसएजी, अँटी-एचबीसी, आरएनए आणि सॅम्पल घेतल्याच्या तारखा असं सगळं एकाच फाईलमध्ये द्या, आणि एक झेरॉक्स मामांच्या पिशवीत राहू द्या.